तोडीमागचा तंबोरा

जेलरोड, नाशिकरोड
रविवार, संध्याकाळ

चि. सौ. स्नेहा हिला तिच्या दाजीचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. (गुडघा सोडून. आणि बी.पी. सोडून.) तुमच्या मनमाडला नळाला पाणी आलं का, की अजून पिंपांवरच भागवताय? साडूभाऊंची कंबर कशी आहे? तेजलचं गाणं कुठवर आलं? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू आधी ‘दाजी, जेवलात का?’ विचारतेस आणि त्यापुढे माझ्याच्याने काही बोलवत नाही. कागद जेवणाचं विचारत नाही, म्हणून लिहितो आहे.

साधना गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू तिचा तंबोरा तेजलसाठी मागितलास. मागणं रास्त होतं. आमच्याकडे आता त्याला हात लावणारं कोणी नाही. आयुष पुण्यात संगणकासमोर बसतो, आणि मला पहिली तार आणि चौथी तार यांतला फरक फक्त जागेवरून कळतो. मी ‘देतो’ म्हणालो आणि दिला नाही. दाजी टाळतोय असं तुला वाटलं असेल, तर ते खरंच होतं. पण गेल्या आठवड्यात आयुषचा फोन आला, की रविवारी रेडिओवर दिवसभर शास्त्रीय संगीत आहे, जुनी ध्वनिमुद्रणं लावणार आहेत, आणि त्यात सकाळी आईच्या गाण्याच्या बाईंची तोडी आहे. त्या तोडीला बाईंच्या मागे तंबोऱ्यावर साधना होती. (मीच तिला स्टुडिओपर्यंत सोडलं होतं आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसलो होतो.) तिचं स्वतःचं गाणं कुणी कधी टेप केलंच नाही. ती गायची ती स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चुकवत. तिच्या हातचा आवाज म्हणून जगात एवढाच उरला आहे. तेव्हा मी ठरवलं, की एकदा तिला पोटभर ऐकायचं आणि मग तंबोरा राजीखुशीने मनमाडला पाठवायचा.

इथवर सगळं सरळ होतं. घोटाळा असा झाला, की मी हे झुंबरला सांगितलं. झुंबर आपल्या जयंती मंडळाचा साउंड सांभाळतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट हळू आवाजात करता येते यावर त्याचा विश्वास नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीत झालं, साधनाताई रेडिओवर गाणार! मी म्हणालो, अरे गाणार नाही, मागे तंबोरा आहे. तो म्हणाला, तेच ते. आज सकाळी उठून बघतो तर दारात चौदा एप्रिलचे दोन्ही बॉक्स, समोर विहारातल्या खुर्च्या, आणि एका बॉक्सवर साधनाचा हार घातलेला फोटो. कुसाबाईंनी सगळ्यांसाठी पातेलंभर चहा टाकला होता. (साखर माझ्याच डब्यातली.) लोक आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून आले होते. एवढ्या माणसांना ‘घरी जा, मला एकट्याला ऐकायचंय’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं, तूच सांग.

निवेदिकेने बाईंचं नाव घेतलं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण तेही सांगितलं. तंबोऱ्याचं नाव घेतलं नाही. झुंबरने तेवढ्यावरही टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आणि मग तंबोरा सुरू झाला. झुंबरने ‘बेस’ म्हणतात ते बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं, त्यामुळे खर्जाची तार वाजली की समोरच्या शेडचा पत्रा थरथरायचा आणि फोटो बॉक्सवरून कडेकडेने सरकायचा. शेवटी कुसाबाईंनी तो उचलून मांडीवर घेतला आणि पदराने पुसत बसल्या. साधना जन्मात इतक्या मोठ्याने वाजली नसेल. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच कुसाबाईंनी विचारलं, “भिकनभाऊ, आपली साधना कव्हा म्हननार?”

मी म्हणालो, “मावशी, ती वाजवतेय ना. हे जे मागे चाललंय, ते तिचंच.”

“हे? हे तर मघाधरनं चालूच हाय. मला वाटलं मशीनचा आवाज हाय.”

इथे माझं डोकं फिरलं. मशीन! मी खुर्चीवरून उठलो आणि सगळ्यांना समजावून सांगू लागलो. तंबोरा म्हणजे काय, जवारी म्हणजे काय, तो एक क्षण थांबला तर गाणाऱ्याची कशी गाळण उडते, सगळं. (मला यातलं काही कळत नाही हे तुला माहीत आहे. साधना जे बोलायची त्यातलं जे आठवलं ते बोललो, जे आठवलं नाही तेही बोललो.) त्या दिवशी तंबोरे दोन होते. त्यांतला साधनाचा कोणता हे मला आजही सांगता येणार नाही, पण डावीकडचा, डावीकडचा, असं मी ठासून सांगत होतो. झुंबरने डावा बॉक्स आणखी वाढवला. विलंबित संपलं, मी बोलत होतो. द्रुत सुरू झालं, माझं आपलं चालूच. लोक ऐकत होते, पण मला. मग निवेदिका म्हणाली, यानंतर बासरीवादन. लोक उठले, माझा हात हातात घेऊन ‘लय भारी वाजवलं ताईंनी’ म्हणाले आणि खुर्च्या उचलून घेऊन गेले.

स्नेहा, मी तिला ऐकलंच नाही ग.

झुंबरने मोबाइलवर व्हिडिओ केला होता. दुपारभर तोच लावून बसलो. त्यात मीच आहे, हातवारे करतोय, माझाच आवाज. मी मधे श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यापुरता मागे तंबोरा येतो, आणि तो नीट कानात शिरायच्या आत मी पुन्हा सुरू होतो. इतका राग मला आजवर कुणाचा आला नव्हता.

असो. ठरलं ते ठरलं. तंबोरा तेजलचा आहे. गवसणी धुतली आहे, येऊन घेऊन जा. साडूभाऊंना नमस्कार, तेजलला आशीर्वाद.

तुझा दाजी,
भिकन

ता. क. रेल्वेने नेऊ नका. गर्दीत भोपळा फुटला की संपलं. गाडीच करून या.

ता. क. २. गवसणी जाड आहे, वाळलेली नाही. ओल्या गवसणीत लाकूड खराब होतं म्हणतात. तेव्हा या आठवड्यात येऊ नका. पुढच्याही आठवड्यात हवा दमटच आहे.

ता. क. ३. हवा कोरडी आहे, गवसणी सकाळीच वाळली. स्नेहा, तंबोरा नेऊ नकोस. तेजललाच सुट्टीत इकडे पाठव. तारा पार उतरल्या आहेत, मला लावता येत नाहीत. तिने इथे बसून त्या लावाव्यात आणि वाजवावं, गायली नाही तरी चालेल. मी स्वयंपाकघरात बसेन. एक शब्द बोलणार नाही.