वहीतल्या पानावरची पट्टी

१९ नोव्हेंबर

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. वाचनालय साडेआठला उघडतं, म्हणजे साडेआठलाच. पत्र लिहायला हे तिसऱ्यांदा बसते आहे. दोनदा उठून कपाटं पुसली.

गावात बाजू तशाच आहेत. रस्ता रुंद करा म्हणणारे एकीकडे, त्यापायी तुटणारी झाडं वाचवा म्हणणारे दुसरीकडे. न्हावीसुद्धा आधी बाजू विचारतो, मग वस्तरा उचलतो, असं शिपाई सांगतो. शिपायाला टक्कल आहे, तेव्हा ऐकीवच.

मुद्द्यावर येते. अभिप्रायाच्या वहीवर नियम माझ्याच अक्षरात आहे: मत कुठलंही लिहा, शिवी नको, खाली सही हवी. तू लिहिलंस त्यात शिवी नव्हती. सही होती. तरी मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तुला म्हटलं, "वाचनालयाची शांतता बिघडते." तू चपला घालून निघालीस, ती महिनाभर फिरकली नाहीस.

त्याच पानावर चित्रकलेच्या मास्तरांनी लिहिलं होतं, 'रस्तावाले म्हणजे विकली गेलेली कुत्री.' ते मी राहू दिलं. मास्तर आमच्या बाजूचे.

गेल्या आठवड्यात शिंपी वही घेऊन टेबलाशी आला. "बाई, दोन बाह्यांना दोन मापं लावली तर सदरा कोण घालेल?" म्हणाला. "अन् पट्टी उजेडात धरली की सगळं वाचता येतं. आम्ही सगळ्यांनी वाचलंय."

मास्तरांना बोलावलं आणि त्यांच्याच हाताने ती ओळ खोडायला लावली.

"तुम्ही फितूर झालात की काय?"

"नियम वाचा," म्हटलं.

तुझी पट्टी काढायला मात्र मीच बसले, ओला कापूस घेऊन. शाई पट्टीबरोबर निघून आली. खाली तुझी सही तेवढी उरली.

वाक्य मला पाठ आहे. 'याच अरुंद रस्त्यात रुग्णवाहिका पंधरा मिनिटं अडकली आणि माझा माणूस वाटेतच गेला. झाडं वाचवणाऱ्यांनी हेही मोजावं.'

पंधरा नाही, बिट्टी. सतरा. गाडीत तुझ्या शेजारी मी होते, घड्याळ माझ्याच हातावर होतं. आणि झाडांच्या अर्जावर पहिली सही माझी आहे. शांतता बिघडत होती ती माझी.

मी अजूनही झाडांच्याच बाजूची आहे. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. पण तुझं म्हणणं मी माझ्या अक्षरात पुन्हा लिहिणं, हे झाकण्याहून वाईट. म्हणून समोरचं पान कोरं ठेवलं आहे. दिवसातून चारदा उठून बघते. डिंकाची बाटली शिपायाच्या कपाटात आहे, किल्ली त्याच्याकडे.

ये. वहीचं पेन फिकट उमटतं. तुझं घेऊन ये.

तुझ्या सहीपाशी बसून असलेली,
ताई