वळणावरची जीप

३ नोव्हेंबर १९९७, आहुपे
१. एसटीने मंचरहून इथे पोहोचले.
२. गावातला पहिला टेलिफोन बसवायचा आहे. यंत्र शाबूत आहे.
३. खोली वळणाजवळ, सरूबाईंच्या घरात. जेवण उत्तम.
सरूबाईंची भागू घोडेगावला शिवणक्लासला जाते. तिने यंत्राचा प्रत्येक स्क्रू हाताळून पाहिला. मजा वाटली.

६ नोव्हेंबर
एसटी इथे मुक्कामी असते, सकाळी घोडेगावला निघते. टेलिफोनच्या कामासाठी मलाही तिनेच जावं लागतं. रोजचं माणूस दिसलं नाही तर कंडक्टर संपतभाऊ हाका मारतात आणि गाडी थांबवून ठेवतात. आज माझ्यासाठी थांबवली. मी चढले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. यापुढे थांबू नका, असं त्यांना बजावलं.
"बरं मॅडम. पन आमच्या गाडीचं दार आतून उघडतं, वळणावरच्या जीपचं न्हाई." सगळे हसले.

१२ नोव्हेंबर
एसटी चुकली. वळणावर पांढऱ्या जीपला हात केला. ड्रायव्हरने मान वळवली नाही. मागे घोंगडी पांघरलेली एक बाई. दाराला आतून कडी नव्हती. घोडेगावला त्याने बाहेरून उघडलं. भागूने विचारलं तेव्हा एसटीपेक्षा बरी, असं मी सांगितलं.

१७ नोव्हेंबर
आज भागू एसटी सोडून माझ्याबरोबर आली. "बाई हायेत की सोबत, भ्यायचं काय?" असं वळणावर स्वतःशीच म्हणाली.
पुढे एकच जागा होती. ती मी घेतली, भागू मागे बसली. घोडेगावला ड्रायव्हरने फक्त माझं दार उघडलं. मी वळून बघेपर्यंत जीप निघून गेली.
संध्याकाळी सरूबाईंनी भागू कुठे, असं विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. एसटीने गेली असेल.

१८ नोव्हेंबर
संपतभाऊ म्हणाले, भागू गाडीत नव्हतीच. तरी मी जीपचं नाव काढलं नाही. सरूबाई स्वतः जेवल्या नाहीत. मला वाढलं. मी खाल्लं.

१९ नोव्हेंबर
जीप वळणावर उभी. मागे आता दोघी. एकीच्या मांडीवर शिवणाची पिशवी. आतून काच वाजवत होती. "बाई, कडी न्हाई." दार बाहेरून उघडायला एक हात पुरला असता. मी पळाले—

२० नोव्हेंबर, गुरुवार
सरूबाईंना सगळं सांगितलं. पुढची जागा रिकामी असते, हेही. त्या उठल्या. तशाच अनवाणी बाहेर—

संपतभाऊंसाठी चिठ्ठी: शनिवारी सकाळी वळणावर गाडी थांबवा. मी जीपचं दार उघडणार आहे. माझ्यासाठी थांबाल का? शुक्रवारपर्यंत कळवा.

हॉर्न. एसटीचा नाही. खिडकीतून दिसतंय— पुढचं दार उघडं— सरूबाई, चढू नका, मी येते, मी