आधी खालची ओळ

अण्णा,

"आधी खालची ओळ जुळव. वरचं सगळं वाचून झाल्यावर नाव टाकायला बसलं की हात लटपटतोय बघ." हे तुम्ही मला म्हणालात तेव्हा मी सहावीत होते. छापखान्यातल्या उंच स्टुलावर बसून मी शिशाच्या खिळ्यांच्या खणाखणांच्या केसमधून तुम्हाला हवी ती अक्षरं काढून देत होते. हँडबिल असो, पावतीपुस्तक असो की चादरींची लेबलं, तळाशी बारीक टायपात छापखान्याचं आणि तुमचं नाव यायचं. बाकीचे छापखानेवाले ती ओळ शेवटी जोडायचे, तुम्ही पहिली जुळवायचात. मला ती तुमच्या कामाची एक लकब वाटायची, जसा तुम्ही चहा बशीत ओतायच्या आधी तीनदा फुंकायचात. आज तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर लिहायला बसले आहे ती त्या ओळीवरून तुमच्याशी भांडायला.

तुम्हाला आधी सांगायला हवं की आता खिळे लागत नाहीत. माणसं फोनवर लिहितात, बोट लावलं की गावभर जातं. त्याला पोस्ट म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव मजकुराच्याही वर, पहिल्यांदा येतं. तुमची पद्धत या लोकांनी तुम्हाला न विचारता उचलली, म्हणा ना. तर मी एक पोस्ट लिहिली. आईबद्दल.

आई पाच वर्षांपासून एका सत्संगाला जाते. दर गुरुवारी दुपारी चारला गल्लीच्या तोंडाशी रिक्षा येते, आत तीन-चार बायका दाटीवाटीनं बसलेल्या असतात, आणि त्यातली एक "आक्का, चला की वो" म्हणून हाक मारते. मला आवडायचं ते. तुम्ही गेल्यावर आई कुणाशी हसून बोलत नव्हती, तिथं जाऊन ती टाळ्या वाजवायला लागली. मग त्यांचे गुरुजी एका प्रवचनात म्हणाले की गोळी म्हणजे अविश्वास, ज्याची श्रद्धा पक्की त्याला डबी लागत नाही. आईनं रक्तदाबाची गोळी बंद केली. मला सांगितलं नाही. रोज सकाळी गोळी तोंडात टाकल्याचं दाखवून ती तुळशीच्या कुंडीत पुरायची. दोन महिन्यांनी न्हाणीघरात पडली, तोंड एका बाजूला गेलं, डावा हात उचलेना. वाचली. आता बोलते, चालते, फक्त डाव्या हातानं पेला धरवत नाही. कुंडी बदलताना मातीत मला गोळ्या सापडल्या, ओल्या होऊन फुगलेल्या. मी तेवढंच लिहिलं होतं. गुरुजींना शिवी नाही, देवाला बोल नाही. कुंडी, गोळ्या आणि डावा हात.

तिसऱ्या दिवशी पोस्ट नाहीशी झाली. कुणी काढली म्हणून विचारलं तर मशीनचं उत्तर आलं, आपला मजकूर नियमांत बसत नाही. कुठल्या नियमात, ते मशीन सांगत नाही. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. एकाच दिवशी खूप जणांनी मिळून तक्रार केली की असं होतं म्हणे. मग माझं अकाउंटच बंद पडलं आणि मी मीच आहे हे सिद्ध करायला मला आधार कार्डाचा फोटो पाठवावा लागला. ते उघडलं तर माझ्या जुन्या फोटोंखाली शंभरावर शेरे, सगळे एकाच फर्म्यावरून काढल्यासारखे, शब्दाला शब्द. 'ही बाई पैसे घेऊन लिहिते. हिनं आपल्या आईला सांभाळलं नाही.' अण्णा, मी मराठी शिकवते. शंभर मुलांनी एकच निबंध उतरवला की मी निदान वर्गात उभं राहून रागावू शकते. इथं कुणावर रागावू?

आणि आपली माणसं. शाळेतल्या मैत्रिणी खासगीत लिहितात, "किती खरं लिहिलंस गं, धाडस आहे तुझं," आणि चारचौघांत दिसेल असं एक अक्षर लिहीत नाहीत. कॉलेजचे प्राचार्य बोलावून म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त आपल्या कॉलेजचं नाव तेवढं काढा तुमच्या प्रोफाइलवरून." मी काढलं. नंतर वाटलं, आपण पोस्ट कागदावर छापून वाटू, कागदावर कोण तक्रार करतो. तुमच्या जुन्या बोळात आता डिजिटल प्रिंटिंगवाला आहे, तुमच्याकडे उमेदवारी केलेल्याचा मुलगा. त्यानं वाचलं, चष्मा काढून पुसला. "छापून देतो की ताई. अण्णांची लेक तुमी. पण खाली आमच्या दुकानाचं नाव न्हाई टाकत हां." मी कागद परत घेतला. तो वाईट माणूस नाही. त्यानं मला चहा पाजला.

तुम्हाला जाब विचारायला आले होते ते निदान दिसत तरी होते. आठवतं? कुणा बुवाचं शिबिर होतं, हात फिरवून दमा बरा करणारं. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी पत्रक लिहून दिलं, औषधं सोडू नका म्हणून, आणि तुम्ही ते छापलंत. दुसऱ्या दिवशी चौघे आले. मी दारातच आहे, हातात तुमचा डबा. "कुणी लिहून दिलं हे?" एकजण विचारतो. तुम्ही हात पुसता, पत्रक उलटंही करत नाही. "खाली वाचा की. नाव हाय माझं." "ते छापणाऱ्याचं झालं. लिहिणारा कोण?" "छापलं म्हणजे मीच म्हणालो, असं समजा." त्यांनी तुम्हाला हात लावला नाही. भिंतीकडच्या दोन केसा ओढून जमिनीवर पालथ्या केल्या आणि निघून गेले. हजारो खिळे, सगळी अक्षरं एकमेकांत.

माझी ती सगळी दिवाळीची सुट्टी खिळे निवडण्यात गेली. तुम्ही, मी आणि आई. आईनं घरून सूप आणलं होतं, तांदळातले खडे निवडावेत तशी ती बसायची आणि तुम्हाला बोलायची. "एक नाव न्हाई सांगता आलं? दुसऱ्या गावचा हाय, ओळखत न्हाई म्हणायचं. आता बसा जन्मभर निवडत." तुम्ही हसायचात. माझी बोटं शिशानं काळी व्हायची, आणि मी मनातून आईच्या बाजूनं होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आजही मला नीट कळत नाही, त्या डॉक्टरांनी तरी पुढे येऊन 'मी लिहिलं' का म्हटलं नाही. तुम्ही त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाहीत. वैताग यायचा मला तुमच्या त्या न बोलण्याचा.

गेल्या रविवारी सकाळी माझ्याकडे सत्संगातले तिघे आले. एक बाई, दोन पुरुष, त्यातला एक चिंचोळीच्या कारखान्यात इंजिनियर. चपला ओळीत काढल्या, आईच्या पाया पडले, प्रसादाचा पुडा दिला. आवाज इतका मऊ की मला ओरडताही येईना. पोलिसांत तक्रार देता येते, भावना दुखावल्या म्हणून, पण आपल्याला घरातलं घरात मिटवायचंय, असं ते म्हणाले. मला वाटलं माफी मागायला सांगतील. माफी नको होती त्यांना. इंजिनियर म्हणाला, "ताई, नुसतं लिहा की अकाउंट हॅक झालं होतं. ती पोस्ट माझी नव्हती. दोन वाक्यं. विषय संपला." मी विचारलं, "आणि कोण विश्वास ठेवणार?" तर ती बाई हसून म्हणाली, "विश्वास ठेवायला कोण सांगतंय? लिहिलं म्हणजे झालं." मग उठता उठता तिनं आईचा उजवा हात हातात घेतला. "आक्का, तुमची लई आठवण येती सगळ्यांना. पण हे मिटेपर्यंत गुरुवारी रिक्षा पाठवता येत न्हाई, वरून सांगितलंय. मिटलं की पुढच्याच गुरुवारी न्यायला येते."

धमक्यांना मी भीत नाही असं म्हणणार नाही, पण त्यांच्याशी झगडता येतं. काल गुरुवार होता. आई साडेतीनला पिवळं लुगडं नेसून दारातल्या खुर्चीत बसली. मी म्हटलं, "आई, ते येणार नाहीत, सांगून गेलेत ना?" "म्हाईत हाय मला. बसले तर बसले." चार वाजले. रिक्षा आली, गल्लीच्या तोंडाशी थांबली, पलीकडच्या घरातल्या बाईला घेऊन गेली. कुणी हाक मारली नाही. आई उन्हं उतरेपर्यंत बसून होती. आत आल्यावर म्हणाली, "गोळी घेते की मी आता. तुझ्या डोळ्यांदेखत घेते. मग लिही की ती दोन वाक्यं." मी खुर्ची आत घेतली. "तुझ्या बापानं खिळं निवडायला लावलं. तू आता माझी माणसं निवडायला लाव." मी म्हटलं, "अगं, तुझा हात गेला ना!" तर म्हणाली, "हात माझा हाय. तू का लिहितीस?" याला उत्तर द्या अण्णा.

मी आत जाऊन फोन उघडला. त्यात मोहोळच्या एका बाईचा निरोप होता. ओळखपाळख नाही. तिच्या सासूनं याच गुरुजींच्या सांगण्यावरून साखरेचं इंजेक्शन सोडलं होतं, माझी पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवल्यावर परत सुरू केलं. 'आता जाऊबाईच्या आईला दाखवायची होती, दिसत नाही. ताई, परत टाका ना.' दोन बायका, एक माझ्या दारात, एक मोहोळात, आणि मध्ये मी. ती दोन वाक्यं मी लिहिली तर तिची सासू उद्या म्हणेल, बघ, ती बाई खोटी होती. इतकं साधं आहे हे. तुम्हाला तर एका क्षणात कळलं असतं, आणि त्याचाच मला राग येतो. तुम्ही ओळ आधी जुळवून मोकळे व्हायचात. मला रोज जुळवावी लागते. पोस्ट एकदा छापून संपत नाही, रोज सकाळी उठून 'हो, माझीच' म्हणावं लागतं, आणि म्हणताना आई समोर बसलेली असते.

आज सकाळी ती रिकाम्या कुंडीत दुसरी तुळस लावत होती, एका हातानं. माती सांडत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, जमतंय." तेव्हापासून हा कागद घेऊन बसले आहे. पाठवायचा तर कुठं, छापखान्याच्या जागी आता फ्लेक्स लटकतात. घडी करून तिच्या गोळ्यांच्या डबीखाली ठेवीन, म्हणजे रोज डबी उचलताना तिच्या हाताला लागेल.

एक सांगायचं राहिलं. ती दोन वाक्यं मी काल संध्याकाळी फोनवर लिहून ठेवली आहेत, पुसलेली नाहीत. फक्त बोट लावायचं बाकी आहे. तुम्ही काय म्हणाल ते मला इतकं पक्कं ठाऊक आहे की तुमचा हात पुसण्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. तरी विचारते. अण्णा, एकदाच, तिच्या एका गुरुवारासाठी, 'हे माझं नव्हतं' म्हणू द्या मला.