नावा बांधायच्या आधी

आस्तिपालेआ, बंदरावरची बोटीची कचेरी
सोमवार, ३० मे १९६६, सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

आज पवित्र आत्म्याचा सोमवार, म्हणून पोस्ट बंद आणि कचेरीही बंद. किल्ली माझ्याकडेच असते. मघापर्यंत उन्हाळ्याच्या बोटींचं वेळापत्रक भिंतीवर लावायच्या कागदावर उतरवत होतो. तुझ्या अमोर्गोस बेटाची ओळ आली आणि लेखणी तिथेच ठेवली. दुसरा कागद घेतला, तो हा.

तू, भावोजी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. कप्तान मिकेस सांगत होता की थेमेलिना शाळेत जायला लागली आणि धाकट्याचे डोळे आपल्या बाबांसारखे आहेत. मिकेसचं अर्धंच खरं मानायचं असतं, म्हणून डोळ्यांचं खरं मानलं. माझं विचारशील तर खाणं-पिणं नीट आहे. खोकला गेला. आता तिकिटांबरोबर सामानाची नोंदही माझ्याकडे दिली आहे. मालक म्हणतात, "सिदेरिस, तुझ्या नोंदीत चूक सापडली तर मी मिशा उतरवीन." मिशा अजून शाबूत आहेत.

पत्र लिहायचं कारण बोटच आहे. तुमच्याकडून इकडे येणारी छोटी बोट या वर्षी मंगळवार २१ जूनला सुरू होतेय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. तू आणि मुलं त्या पहिल्याच बोटीने या. मी सगळं पाहून ठेवलं आहे, ते नीट वाच.

बोट तुमच्या काटापोला बंदरातून सकाळी सातला सुटते. वरच्या गावातून पहाटे निघायची घाई करू नकोस, सोमवारी संध्याकाळीच खाली ये. बंदरावर मिकेसची बहीण राहते, तिच्याकडे झोपायची सोय सांगून ठेवली आहे. शुक्रवारची बोट धरू नकोस, शुक्रवारी बकऱ्या चढवतात आणि मुलांना तो वास पाच तास सोसणार नाही. बोटीत उजव्या बाजूला बसा. वारा उत्तरेचा, म्हणजे डावीकडून येणार. उजवीकडे धूर नाकात जाईल, पण भिजणार नाही. मुलांना निघण्याआधी सुकी पोळी आणि दोन ऑलिव्ह द्यायची, दूध अजिबात नाही. लिंबू जवळ ठेव. आणि जुलैपर्यंत थांबू नकोस. जुलैत वारा चढला की बंदरवाले बोट सोडत नाहीत, मग दोन-दोन दिवस धक्क्यावर बसावं लागतं. तुमची येण्याची तिकिटं मी इथून काढून मिकेसकडे दिली आहेत. एक पूर्ण, एक अर्धं. धाकटा अजून फुकट.

घरात तुझी खोली पुसून घेतली. घर तसंही तुझंच आहे, आपल्या रीतीप्रमाणे थोरल्या मुलीचं. मी राखणदार.

भावोजींना येता आलं तर चांगलंच. नाही आले तरी चालेल. तू मात्र ये.

एवढं लिहून धक्क्यावर एक फेरी मारून आलो. आता अकरा वाजायला आले आहेत.

ताई, याच महिन्यात शनिवारी २१ तारखेला आईची कबर उघडली, हाडं धुऊन पेटीत ठेवायला. तीन वर्षांनी उघडायची असते, ती ऑक्टोबरातच पुरी झाली होती. पावसाचं निमित्त सांगून मी ते मे महिन्यावर ढकललं. पेटी सरूच्या लाकडाची करून घेतली होती. वर तिचं नाव मीच कोरलं. धुवायला दोन बाटल्या लाल वाइन, पुसायला नवं पांढरं कापड, आणि वाटायला गहू शिजवून साखर घालून तयार. आपले धर्मगुरू पापा-निकितास होते, आणि कालोतिनामावशी. गावातली हाडं तीच धुते हे तुला ठाऊक आहे. आपल्या बाबांचीही तिनेच धुतली होती. पिवळी निघाली होती, मेणासारखी, आणि ती म्हणाली होती, "बघ, किती गोड माणूस होता."

आईची निघाली नाहीत.

म्हणजे आई होती तशीच होती, ताई. सगळी नाही, पण पुष्कळशी. मी जास्त लिहीत नाही. काळी ओढणी ओळखू आली. कालोतिनामावशीने हात मागे घेतला आणि छातीवर क्रुसाची खूण केली. पापांनी मला बाजूला केलं, प्रार्थना म्हटली आणि परत माती लोटायला सांगितलं. दोन्ही बाटल्या न उघडता घरी आणल्या. शिजवलेला गहू कुणी घेतला नाही. मी तो कोंबड्यांना घातला, आणि घालताना वाटलं की हेही चुकतंय.

आता गावात जे चाललंय ते तू ऐकलं नसशील तर माझ्याकडूनच ऐक. माती विरघळवत नाही तेव्हा कुणीतरी जिवंत माणूस मेलेल्याला धरून असतं, असं म्हणतात. मग कोण धरून आहे ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुझं नाव घ्यायला कुणाला जड गेलं नाही. १९५९ च्या ऑगस्टात याच धक्क्यावर तू भावोजींबरोबर बोटीत चढलीस, तेव्हा आई चारचौघांत ओरडली होती, "मेल्यावरही तुझं तोंड मला दिसू नये." आणि तू वरून म्हणालीस, "दिसणार नाही." ते ऐकणारे निम्मे लोक अजून जिवंत आहेत आणि उरलेल्यांना पाठ आहे. पाववाला म्हणतो लेकीने शब्द पाळला. त्याची बायको म्हणते, आईचा शाप आईलाच फिरून लागला. कालोतिनामावशीने मात्र दोघांनाही गप्प केलं. ती म्हणाली, "त्या बाईचं तोंड जन्मभर कुणापुढे विरघळलं नाही, आता मातीपुढे काय विरघळणार." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

कारण त्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत नाही. तुलाही नाही.

१९६२ च्या सप्टेंबरात माझं जे पत्र तुला मिळालं त्यावर १० तारीख होती. ते मी २ तारखेला लिहिलं होतं. रविवार होता. आई त्या दिवशी उठून बसली, मला कागद घ्यायला लावला आणि म्हणाली, "लिही तिला. म्हणावं, धक्क्यावरचे शब्द मी मागे घेतले. म्हणावं, ये आणि मला क्षमा कर, मी तुला केव्हाच केली." मी जसंच्या तसं लिहीत गेलो. त्या एका शब्दापाशी अडलो.

तुला हसू येईल, किंवा येणार नाही. आपण बोलतो तेव्हा 'क्षमा' हा आपला ग्रीक शब्द तोंडातून सुळकन निघून जातो. लिहिताना त्याच्या मधे एक अक्षर घालावं लागतं जे कुणी उच्चारत नाही. ते कुठलं, हे मला आठवेना. मी चौथीत शाळा सोडली, तो शब्द बहुधा पाचवीत शिकवत असतील. शब्द गाळून दुसरा घालावा तर आईने तोच सांगितलेला. आणि मला तुझं ते पत्र आठवत होतं. म्हणजे माझंच पत्र, जे तू १९६० मध्ये लाल पेन्सिलीने अकरा गोल करून परत पाठवलं होतंस. खाली लिहिलं होतंस की इथे पत्रं सासूबाईंसमोर मोठ्याने वाचली जातात, शेजारचा मास्तर वाचतो, तेव्हा जरा जपून लिहीत जा, माझी शोभा होते. तुला दोष देत नाही. तू नवी होतीस त्या घरात. पण आईने आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे मान झुकवली होती, आणि ते वाचताना तो मास्तर हसेल, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

आमचे आर्गिरोस गुरुजी ऱ्होडसला गेले होते, सोमवारी १० तारखेला येणार होते. मी पत्र खणात ठेवलं. ४ तारखेची बोट गेली. ७ तारखेची गेली. दोन्हींचे दोर मीच सोडले, ताई. आईने विचारलं पत्र गेलं का, तर म्हणालो हो. वाटलं, मोसम संपायला अजून दोन बोटी आहेत. सोमवारी संध्याकाळी गुरुजींच्या दारात उभा राहिलो. त्यांनी ते अक्षर सांगितलं. पाटीवर लिहूनही दाखवलं. मी घरी येऊन सगळं पत्र पुन्हा स्वच्छ उतरवलं, आणि उतरवलं त्या दिवशीची तारीख घातली, कारण तशीच घालायची असते असं मला वाटलं. ११ च्या बोटीने ते गेलं. तुमच्याकडे पोस्टमन वरच्या गावात फक्त शनिवारी चढतो हे मला माहीत नव्हतं. बोटीची वेळ मिनिटापर्यंत माहीत होती. पोस्टमनच्या गाढवाची नव्हती.

मोसमातली शेवटची बोट १४ ला, क्रुसाच्या सणाला. तुला पत्र मिळालं १५ ला.

थेट बोट बंद झालेली, म्हणून तुझं उत्तर पिरेअसच्या फेऱ्याने ९ ऑक्टोबरला आलं. मला ते पाठ आहे. "क्रुसाच्या सणाला नावा बांधतात हे आईला माझ्याहून जास्त ठाऊक. चार दिवस आधी कागदावर लिहून म्हणते ये. बोलावल्याचं पुण्य तिच्या पदरात आणि मी न आल्याचं पाप माझ्या. तिला सांग, मला कळलं." आई जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते, म्हणून तिला सांगायचा प्रश्न आला नाही. आणि तुला मी फक्त तार केली होती. तारेत शब्दाला पैसे पडतात, या कारणामागे मी साडेतीन वर्षं लपलो.

१४ तारखेचंही लिहितो, नाहीतर हे पत्र फाडून टाकीन. त्या सकाळी आईने केस विंचरून घेतले. मला खुर्ची बंदराकडच्या खिडकीत लावायला सांगितली. बोट आली. दोर मीच धरला. सहा माणसं उतरली आणि कांद्याची पोती. मी वर चढून गेलो तोवर तिने खुर्ची भिंतीकडे वळवली होती, स्वतःच, कशी ते देव जाणे. तिने विचारलं, "पत्र वेळेवर पोचलं होतं ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग झालं." त्यानंतर तिने तुझं नाव घेतलं नाही. उद्या सांगू असं मी एकोणीस दिवस म्हटलं.

म्हणजे ती गेली ती पत्र वेळेवर मिळूनही तू आली नाहीस हे मनात धरून, आणि तू तिकडे बसलीस तिने मुद्दाम उशीर केला हे मनात धरून. दोघींनी जे धरलं ते कधी घडलंच नव्हतं.

गेल्या गुरुवारी मी हे पापा-निकितासना सांगितलं. मग मी विचारलं की तू क्षमा केल्याचं पत्राने कळवलंस तर चालेल का. ते म्हणाले, "पोरा, या घरात पत्राने काय झालं ते आत्ताच सांगितलंस ना मला." तू स्वतः कबरीपाशी उभी राहून तीनदा म्हणायचं, आणि ते वरून प्रार्थना वाचणार. मग वर्षभर माती. पुढल्या मे महिन्यात पुन्हा उघडायचं. तोवर लोक तिच्या नावाआधी 'क्षमा पावलेली' लावतात, जसं कुणाही मेलेल्याला लावतात, आणि मी मान खाली घालतो.

तू म्हणशील मी तुला बोटीसाठी बोलावलं आणि तिकिटाबरोबर हे बांधून पाठवलं. खरं आहे. आधी फक्त बोटीचंच लिहून तुला इथे आणायचं आणि मग सांगायचं, असा विचार होता. पण ते दुसऱ्यांदा तसंच झालं असतं.

हे पत्र मी पुन्हा उतरवणार नाही. काही चुकलं असेल तर असू दे, शेजारच्या मास्तरला हसू दे. आज पोस्ट बंद आहे, पण मिकेसची मासेमारीची होडी दुपारी तुमच्याकडे निघते आहे. त्याच्या हातात देतो आणि सांगतो की पोस्टमनला द्यायचं नाही, स्वतः वर चढून तुझ्या हातात द्यायचं. तो गुडघ्याबद्दल कुरकुर करेल. करू दे.

खर्चाचं म्हणशील तर दीड तिकिटाचे पैसे भरले. पापांना आणि मावशीला द्यायचं ते दिलं. परतीची तिकिटं काढलेली नाहीत. तू किती दिवस राहशील, किंवा उतरून माझ्याशी बोलशील की नाही, ते मला ठाऊक नाही.

ताई, आईला सोड. तिने उशीर केला नव्हता. राग धरायचाच तर माझ्यावर धर, हवा तितका, हवी तितकी वर्षं. मी चोवीस वर्षांचा आहे. मातीत जायला मला अजून वेळ आहे.

तुझा धाकटा,
सिदेरिस