ग्रीसचा रिकामा रकाना

६ मे, मंगळ.
हॉस्पिटल. विजूने फोनवर पुन्हा ते ग्रीसचं गाणं लावलं, युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेतलं. फायनल १७ ला, इथल्या वेळेने दुपारी तीन. दर वर्षी ती आणि आमची मुलगी ईशा तक्ता करतात, प्रत्येक देशापुढे मार्क. स्टेजवर बघितल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत, हा नियम विजूचा. शाळेत शिकवतानाची सवय.
"अहो, एवढं बघून जाऊ दे मला."
तेवढ्यात मार्कहॅमहून ताईचा व्हिडिओ कॉल. मी म्हटलं, "बंद कर ते."
केलं.

८ मे, गुरु.
सकाळी गेली. मी खाली कॉफी घ्यायला गेलो होतो.

११ मे, रवि.
ताई राहायला आली. ईशा हॅलिफॅक्सहून आलेली आहेच. फ्रिजवरचा तक्ता काढून ताईने मागच्या बाजूला दहाव्याची यादी केली: तीळ, दर्भ, तांदूळ. ईशा म्हणाली, "आत्या, दॅट्स मॉम्स."
"ती काय आता वापरणार आहे?"
मी चहा केला.

१७ मे, शनि.
दहावा. व्हिटबीला लेकच्या काठी. वारा फार. पिंड ठेवल्यावर सीगल आले, ताईने चपलेने हाकलले. "हे नकोत, कावळा पाहिजे." कावळा होता, कचऱ्याच्या ड्रमवर. येईना. अर्धा तास झाला.
"कशात अडकलाय जीव तिचा? नवरा ना तू? बोल की!"
म्हटलं, माहीत नाही.
मग तिने ईशाला पुढे ढकललं. "वर्षाच्या आत लग्न करते म्हण आईला."
"आत्या, प्लीज. नॉट हिअर."
तरी म्हणाली. हात जोडून, रडत, मराठीत. कावळा हलला नाही.
ताई सगळ्यांदेखत, "बघ, तुझ्यावर विश्वासच नाही तिचा."
काय म्हणायचं ते मला माहीत होतं. पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यासमोर गाण्याचं कसं सांगायचं.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी. तीनला ईशाने बेसमेंटमध्ये टीव्ही लावला. ताई जिन्यातूनच, "आईच्या दहाव्याला नाचगाणी!"
"बाबा, टेल हर. मॉम वाँटेड धिस."
ताई बघत होती. मी म्हटलं, "बंद कर ते."
तेच शब्द. ग्रीसची पाळी यायची होती.

१८ मे, रवि.
ईशा तेराव्यालाही थांबली नाही. एअरपोर्टवर बॅग काढताना म्हणाली, "यू न्यू व्हॉट शी वाँटेड. अँड यू लेट मी प्रॉमिस." आवाज चढवला नाही. विजूसारखीच. तक्ता सीटवर ठेवून गेली. विजूच्या अक्षरात सगळ्या देशांची नावं. ग्रीसपुढे काही नाही. कोणापुढेच नाही.

परतताना लेकच्या त्याच काठावर थांबलो. घरून वाटीत भात घेतला होता, ताईला न सांगता. दगडावर ठेवला. फोनवर कालचं स्टेजवरचं गाणं शोधलं, भाताशेजारी उभं करून लावलं. आसपास कोणी नव्हतं तरी आवाज कमीच ठेवला होता. मग वाढवला. "विजू, ग्रीसचं" एवढं म्हटलं.
तीन मिनिटांत संपलं. कावळा ड्रमवरून खाली उतरलाय, दगडापासून दहा फुटांवर थांबलाय. मी गाडीत तक्त्याच्या कडेलाच हे लिहितोय. मार्क मी कसे देणार.
पुन्हा लावतो.