झुरळांचे औषध लावल्यापासून

३ नोव्हेंबर
एकदाचे औषध लागले. भंडाऱ्याहून गजूभाऊ आला, पेस्ट कंट्रोलवाला. मला वाटले पाठीवर टाकी घेऊन येईल, घरभर धूर करील. म्हणून सकाळीच हातमागावरचे कोशाचे रेशमी कापड चादरीने झाकून ठेवले. त्याच्याजवळ तर इंजेक्शनसारखी एक नळी. ओट्याच्या फटीत, फ्रिजच्या मागे, मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढे ठिपके लावले. अर्ध्या तासात काम संपले. एवढ्याने काय होणार?
विचारले, "आजच मरतीन का?"
हसला. "काकाजी, झुरळ हे खाईन, फटीत जाईन, तिथं मरन, मंग त्याले दुसरं खाईन. पंधरा दिवस धरा. अंड्यातले निघाले तं अजून थोडे. पहिले आठ दिवस जास्तच दिसतीन, भेऊ नका."
ठिपके पुसायचे नाहीत. वरून फवारा मारायचा नाही. रात्री खायचे काही उघडे ठेवायचे नाही, नाहीतर ती औषधाकडे पाहणारच नाहीत. आणि रोज किती दिसली ते लिहून ठेवा म्हणाला. म्हणून ही वही. मी चौथी शिकलेला, अक्षर कसे आहे ते दिसतेच. तो शब्द पुन्हा पुन्हा लिहायला किळस येते. पुढे नुसते झु. लिहीन.

४ नोव्हें.
जिवंत झु. ११. मेलेले एकही नाही.
संध्याकाळी सौ.चा फोन, अड्याळहून. दिवाळीनंतर झोपेत तिच्या कानात झु. शिरले, डॉक्टरने तेल टाकून काढले. दुसऱ्या दिवशी ती मंगलाकडे, आमच्या लेकीकडे, निघून गेली. आज पुन्हा तेच बोलली, "अजी, एकबी दिसलं नाही असं तुमी सांगसान, तवा येईन."
पुतण्याचा जुना फ्रिज नागपूरहून मीच हौसेने आणला होता. झु. त्यातूनच आली. हे ती बोलत नाही. ती बोलत नाही तेच जास्त लागते.

५ नोव्हें.
जिवंत ९. मेलेले १, तेही अर्धे हलत होते.
साखर डब्यात, डबा पिशवीत, पिशवी फ्रिजमध्ये. जेवल्याबरोबर भांडी घासतो. ओटा कोरडा. कचरा सूर्य मावळायच्या आत बाहेर. आज पोळी चांगली फुगली. सौ.ला सांगितले नाही. म्हणेल, मंग काय, राहा तसेच.

७ नोव्हें.
जिवंत १९! तीही भर दुपारी. एक भिंतीवर पिऊन आल्यासारखे चालत होते, पडले, पुन्हा चढले. गजूभाऊला फोन लावला.
"लागलं ना काकाजी औषध! त्याले भान नाही राह्यलं म्हणून उजेडात आलं. खुश व्हा."
खुश व्हायचा प्रयत्न केला. दहा मिनिटे झालो असेन.
शेजारचा दामू, तोही विणकर, दारात उभा राहून म्हणे, "वहिनी झुरळाले भेऊन नाही गेली. तुले कंटाळून गेली, नाव झुरळाचं सांगते." फवाऱ्याची बाटली देऊन गेला. मार एकदा, खेळ खलास. बाटली हातात धरून बराच वेळ बसलो. मग त्याच्या ओसरीवर परत ठेवून आलो.

९ नोव्हें.
मेलेली १४. फ्रिजच्या मागे, सगळी उताणी. सुपलीत घेतली. जीवहत्या ती जीवहत्या, पण बरे वाटले.

११ नोव्हें.
स्वयंपाकघरात जिवंत २ फक्त. सौ.ला लगेच कळवले. "हं," म्हणाली. आवाजात थोडी ओल होती. मंगला मागून ओरडली, "बाबा, आई रोज कॅलेंडर पाहून राहिली!" सौ. तिच्यावर खेकसली ते ऐकू आले.
कापड आज सव्वा हात जास्त निघाले. हात हलका चालला.

१३ नोव्हें.
स्वयंपाकघर ०. पण मागाच्या खोलीत ९. सुस्त नाहीत. चांगली लठ्ठ, चकचकीत, पळणारी. पाय खड्ड्यात सोडून विणायला बसलो तर एक पायावरून गेले. औषध तिथेही लावले आहे. ठिपके जसेच्या तसे, कोणी तोंड लावलेले नाही.
एकाच नळीतले औषध एका खोलीत चालते, दुसरीत नाही, असे कसे? माझीच काही चूक? पण मागाजवळ मी शेंगदाणासुद्धा खात नाही. कापडाला डाग लागेल म्हणून चहासुद्धा बाहेर पितो.

१५ नोव्हें.
गजूभाऊ स्वतः आला. खड्ड्यात बॅटरी मारली, हुंगले. मग मागाखालचे मडके पुढे ओढले.
"काकाजी, हे काय होय?"
"खळ."
"कायची?"
"तांदळाची. धाग्याला लावतो, कुंच्याने. धागा ताठ राहतो."
"उघडीच राहते रातभर?"
मी म्हटले, "राहत असन, मी कुठं पाह्यतो. ते मागाचं सामान होय, खायचं थोडीच होय."
तो खाली बसला आणि डोक्याला हात लावून हसू लागला. "अजी काकाजी, तुमी साखर फ्रिजात लपवली अन् इथं झुरळायले भाताची पंगत वाढली! औषध कायले खातीन ते?"
पन्नास वर्षे खळ करतो. तांदूळ शिजवतो, घोटतो, गाळतो. पण ते अन्न आहे असे कधी मनात आले नाही. मागाजवळ गेले की ते सामान झाले.
नवे ठिपके लावून दिले. मागाच्या खोलीचे पंधरा दिवस आजपासून. म्हणजे ३० तारीख. आता सौ.ला काय सांगू?

त्याच दिवशी, सं.
सांगितले. मला वाटले चिडेल. ती म्हणाली, "अजी, मी होती तवा रोज कोन झाकत होतं ते मडकं? माग सोडला का तुमी सरळ उठून जाता."
मला वाटायचे ते झाकलेलेच असते.
हे तिला बोललो तर केवढी हसली. मंगलाला बोलावून पुन्हा माझ्याकडून वदवून घेतले. दोघी हसत होत्या. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मडक्यापाशी जाऊन उभा राहिलो.

१८ नोव्हें.
खळ रोज लागेल तेवढीच करतो. उरली तर गाईला. मडके घासून पालथे. मागाच्या खोलीत जिवंत ६, सुस्त ३. सुस्त दिसले की आता आनंद होतो. दामू म्हणतो, "येडा झाला तू, झुरळं पाहून हसते."

२१ नोव्हें.
मेलेली ८, खड्ड्यात. जिवंत २. थंडी पडली आहे. दिवसभर विणले. ऊन दारातून मागापर्यंत येते. त्या उन्हात कोशाचा रंग असा दिसतो की उठावेसे वाटत नाही. एकट्याचे दिवस वाईट गेले असे म्हणता येणार नाही. पण धागा तुटला की सवयीने "अवं, दिवा धर" म्हणतो. मग आपणच उठतो.

२५ नोव्हें.
०. दोनदा पाहिले, बॅटरी लावून.

२६ नोव्हें.
०. फ्रिज सरकवून पाहिले. कंबर धरली.

२७ नोव्हें.
०. सौ.ला सांगितले, तीन दिवस एकही नाही. "पिशवी भरून ठेवते," म्हणाली. परवा येते. अड्याळहून भंडारा, तिथून आमच्या आंधळगावची गाडी, दुपारी बारापर्यंत पोहोचेल. मी घर झाडले, पुन्हा झाडले. ठिपके मात्र पुसले नाहीत.

२८ नोव्हें.
सकाळी एक दिसले. मागाच्या खड्ड्यात, बारीक, तांबूस, मुंगीपेक्षा थोडे मोठे. पण पळत होते.
गजूभाऊ म्हणतो, अंड्यातले होय, दोन-चार निघतीनच, तेही औषध खातीन. आणि तीस तारीख अजून झालीच कुठे? त्याचे खरे आहे. पण सौ.चा शब्द ‘एकबी नाही’ असा आहे.
दिवसभर मन लागले नाही. न सांगितले तर ती येते. आल्यावर तिला दिसले तर पुन्हा जाते, आणि मग माझ्या फोनवर तिचा विश्वास राहत नाही. दामूला विचारले. तो म्हणे, "एवढुसं पोट्टं होय ते, मोजायचं कायले!"
संध्याकाळी फोन आला. सांगून टाकले.
"किती मोठं होतं?"
"लहान. पोरगंच होतं."
"एकच?"
"मले दिसलं तं एकच."
मागे मंगलाच्या घरची कुकरची शिटी ऐकू आली. मग म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.
बरं म्हणजे येते, की बरं म्हणजे राहते, हे विचारायचे राहून गेले. पुन्हा फोन लावायला भीती वाटते.
उद्या भात दोघांचा लावतो. नाही आली तर उरेल. उरला तर झाकून ठेवीन.