दादाची रिकामी ओळ

५ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. हे सवयीने लिहिले आहेत. पत्र वाचून झाल्यावर त्यातले किती उरतात ते तूच बघ.

काल तुझा फोन दोनदा वाजला, मी घेतला नाही. फोनवर तू विषय बदलतोस आणि मी बदलू देते. म्हणून हे पत्र. गुडघ्याचे टाके निघाले. लेकीच्या घरात काठी टेकत दिवसाला चाळीस फेऱ्या घालते. मी येताना दिसले की जावईबापू पाय वर घेतात, जणू मी फरशी पुसायला आलेय.

लीगच्या सात सामन्यांच्या स्कोअरशीटा मिळाल्या. एका कागदावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, दुसऱ्यावर कुणाच्या तरी घामाचा पंजा. तो कागद मी चिमट्याने धरून वाचला. पस्तिशीच्या पुढच्या माणसांनी रविवारी हॉलमध्ये जमावं, दोन तास बास्केटबॉल खेळावं आणि घरी जाऊन निवांत झोपावं, एवढ्यासाठी मी ते चौदा नियम लिहिले. त्यांचं तुम्ही काय केलंत? आपल्याकडे पंच नाही, म्हणून चौथा नियम असा आहे की ज्याने धक्का दिला त्याने स्वतःच हात वर करायचा. सात सामन्यांत किती हात वर झाले? दोन. ते दोन्ही पोस्टातल्या बाईंचे. बाकीचे बाप्ये काय देवमाणसं आहेत? वेळ मोजायला शिट्टी घेऊन टेबलाशी बसणाऱ्या मास्तरांनी समासात लिहिलंय की बेकरीवाल्यांच्या सामन्यात एका फाउलवरून अर्धा तास वाद झाला आणि तू चेंडूवर बसून राहिलास. सेहेचाळीस वर्षांचा माणूस चेंडूवर बसतो. मला वाचून शिसारी आली.

आता मुद्द्याचं. नववा नियम मी दादासाठीच केला होता हे तुला ठाऊक आहे: हजर असलेल्या प्रत्येक खेळाडूला किमान दहा मिनिटं कोर्टवर मिळालीच पाहिजेत, मग तो कसाही खेळो. वहिनी गेल्यावर वर्षभर दादा औषधांच्या दुकानातून घरी आणि घरून दुकानात एवढंच करत होता. रविवारचा हा खेळ सुरू झाल्यावर तो पुन्हा माणसांत बोलायला लागला. मग सातपैकी तीन सामन्यांत तुझ्या संघाच्या यादीत त्याच्या नावापुढची ओळ रिकामी का? आजारी होता का? मला कुणी कळवलं नाही.

उलटटपाली उत्तर दे. लोभ आहे, पण सध्या तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलाय.

तुझी,
आक्का


१० मार्च

ती. आक्कास,

शि. सा. न. वि. वि. गुडघ्यालाही वेगळा नमस्कार, कारण तोच सध्या घरात सगळ्यांत वडीलधारा दिसतोय.

किती गं चिडतेस! चेंडूवर बसलो कारण पाठ धरली होती. माझ्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर वाकून लोकांच्या डोळ्यांत बघावं लागतं, त्याचा परिणाम. आणि आनंदाची बातमी तू वाचलीच नाहीस का? आपण अग्निशामक दलाला हरवलं! ती धिप्पाड माणसं, रोज शिड्या चढणारी. त्यांना आपण बाजारपेठेतल्या दुकानदारांनी तीन गुणांनी हरवलं. आता अंतिम सामना नक्की. शिंपी तर शेवटच्या बास्केटनंतर रडला. ढाल मिळाली तर माझ्या दुकानाच्या काचेत ठेवायची असं सगळ्यांचं ठरलंय.

दादाचं म्हणशील तर तो आजारी नाही. पण हल्ली विसरतो. दोनचा सामना असला की चारला येतो. एकदा तर शाळेच्या हॉलवर जाऊन उभा राहिला, आम्ही इकडे टाकीजवळच्या हॉलमध्ये. वयच तसं आहे, आपण काय करणार? मी काही बोलत नाही, समजून घेतो. तूही त्याला विचारत बसू नकोस, उगाच त्याच्या मनाला लागेल.

तब्येत सांभाळ. लोभ बाकावरून उठवून कोर्टवर पाठव.

तुझा,
धाकटा


१२ मार्च

प्रिय आक्का,

सा. न. वि. वि. बरेच दिवस पत्र लिहायचं मनात होतं. विसरलो असं लिहिणार होतो, पण हल्ली तो शब्द लिहायला हात कचरतो.

तुला सांगतो, इतर कुणाला सांगू नकोस. माझी स्मृती जायला लागली आहे. धाकट्याने शनिवारी फोनवर सांगितलं की सामना चारला. निदान मला तसं आठवतं. मी चारला गेलो तर सामना होऊन गेलेला, आणि झाडलोट करणारी बाई कोर्ट पुसत होती. तिने मला बूट काढायला लावले. धाकटा म्हणाला की त्याने दोन असंच सांगितलं होतं. पुढे दुसऱ्याच हॉलवर गेलो. म्हणून तिसऱ्या वेळी त्याने फोनवर सांगितलेलं औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलं: या रविवारी सामना नाही. आणि सामना होता. धाकट्याने पाकीट बघितलं आणि म्हणाला, दादा, हे तू आदल्या आठवड्याचं लिहिलेलं असणार. एवढं लिहूनही चुकलो, म्हणजे बघ.

तो रागावला नाही. पाठीवर हात ठेवला. मला फार भरून आलं.

बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? आधी वेळा, मग रस्ते, मग आपली नावं. शेवटी ते मला रोज विचारायचे की तुम्ही कुणाकडे आलात. पण बाबा सुतार होते. चुकलं तर फळी आखूड व्हायची. माझ्या हातून चुकलं तर कुणीतरी रक्तदाबाच्या जागी साखरेची गोळी गिळेल. परवा एका म्हाताऱ्या बाईंना पाकीट देताना मी चिठ्ठी पाच वेळा वाचली. त्या वैतागून म्हणाल्या, भाऊ, जरा लवकर द्या, नाहीतर आजार आपोआप बरा होईल. मी हसलो, आणि चिठ्ठी सहाव्यांदा वाचली. म्हणून ठरवलंय की दहा एप्रिलला दुकान बंद करायचं. तीस वर्षं कुणाला चुकीचं औषध दिलं नाही. तेवढ्यावरच थांबावं.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. वेळ तीन ठिकाणी लिहून ठेवली आहे.

लेकीला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ मी विसरलो तरी तू विसरू नकोस.

तुझा,
दादा


१५ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद मागाहून. तुझं आणि दादाचं, दोन्ही पत्रं माझ्यासमोर टेबलावर आहेत. तुझं मी काठीच्या टोकाने जरा लांब सरकवलंय.

मी एकतीस वर्षं वजनमापं तपासली. बाजारातला प्रत्येक लबाड तराजू मी हाताळलाय. जो काटा कधी इकडे, कधी तिकडे चुकतो, तो बिघडलेला असतो. जो एकाच बाजूला चुकतो, तो बिघडवलेला असतो. दादा पोस्टवाल्यांच्या सामन्याला वेळेवर आला. बेकरीवाल्यांच्या दोन्ही सामन्यांना वेळेवर. छापखान्याच्या सामन्याला तर अर्धा तास आधी. विसरला कधी? अग्निशामक दलाशी दोनदा आणि बँकवाल्यांशी एकदा. म्हणजे त्याची स्मृती नेमकी तगडा संघ समोर आला की जाते आणि कच्चा संघ आला की परत येते? कुठल्या पुस्तकात आहे हा आजार?

नियमात मी हजर खेळाडू असं लिहिलं. गैरहजर माणसाला दहा मिनिटं देता येत नाहीत, म्हणून. ते भोक माझं आहे आणि त्याची लाज मला आहे. पण घरातलाच माणूस त्यातून सख्ख्या भावाला बाहेर ढकलेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं लबाड बघूनही आलं नाही.

आणि पाठीवर हात ठेवलास म्हणे. मला त्या हाताची किळस येते. तू त्याला खोटी वेळ सांगितलीस ते एक वेळ खेळाचं वेड म्हणून मी सोडलं असतं. पण पाकीट समोर धरून उभ्या असलेल्या माणसाला तू त्याच्याच अक्षराबद्दल खोटं पाडलंस. तो दुकान बंद करतोय, धाकट्या. त्याला वाटतंय की तो बाबांच्या वाटेने चाललाय. एका ढालीसाठी! ती पत्र्याची ढाल मीच आणली होती. तिच्यावरचा सोनेरी रंग नखाने निघतो.

ते तीन सामने मी रद्द केले आहेत. मास्तरांना वेगळं पत्र गेलंय. शिंप्याला पुन्हा रडायचं असेल तर खुशाल रडू दे. आणि तू येत्या रविवारच्या आत दादाकडे जायचंस, फोन नाही, समोर बसून खरं सांगायचंस.

लोभ वगैरे नंतर बघू.

आक्का


२३ मार्च

प्रिय आक्का,

सा. न. वि. वि. तुझ्या गुडघ्याने वेग घेतला असं लेकीने कळवलं. बरं वाटलं.

काल धाकटा आला होता. बराच वेळ काउंटरवरच्या खोकल्याच्या बाटल्या सरळ करत उभा राहिला. मग एकदम म्हणाला की दादा, तुझी काही चूक नाही, वेळांचा घोटाळा माझ्याकडूनच झाला, तीनही वेळा, मीच चुकीचं सांगितलं. आणि निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

आक्का, आपला धाकटा किती चांगला आहे गं. मला बरं वाटावं म्हणून त्याने माझं विसरणं स्वतःच्या अंगावर घेतलं. पण एकाच माणसाकडून तीन वेळा घोटाळा कसा होईल? आणि झालाच असेल तर त्याने तेव्हाच का नाही सांगितलं? बाबांनाही आपण असंच सांगायचो, आठवतं? बाबा, चष्मा तुम्ही नाही हरवलात, आम्हीच हलवला. त्याच सुरात बोलला तो. तेव्हाच मला कळलं की माझं प्रकरण वाटतं त्याहून पुढे गेलंय.

तूच त्याला पाठवलंस असा मला संशय आहे. रागावलो नाही. पण आता माझी अशी समजूत काढू नका. घाऊक व्यापाऱ्याला मी दहा तारखेचं सांगून टाकलंय.

तुम्हा दोघांचा लोभ एवढा आहे की मला त्याचं ओझं व्हायला लागलंय.

तुझा,
दादा


२६ मार्च

धाकट्या,

दादाच्या पत्राची नक्कल सोबत आहे. बसून वाच.

वाचलंस? तुझ्या अर्ध्या खऱ्याने हे केलं. तू घोटाळा म्हणालास. घोटाळा हा भित्र्या माणसाचा शब्द आहे. त्यात कुणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं. तू का केलंस ते सांगितलं नाहीस, आणि कारणाशिवाय ते कुणाला खरं वाटणारच नाही. त्याला आता वाटतंय की आपण त्याला बाबांसारखं गोंजारतोय.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. कारण सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणायचं की तू वाईट खेळतोस, तू नको होतास, म्हणून तुला फसवलं. हे ऐकून त्याला यातना होतील. होऊ देत. यातना बऱ्या होतात. तो आत्ता ज्या समजुतीत जगतोय तिच्यावर त्याच्या दुकानात औषध नाही. तुला तुझा चांगुलपणा वाचवायचाय की त्याचं डोकं? दोन्ही वाचणार नाहीत. तो तुला देवमाणूस समजतो आणि तू समजू देतोस, याचा मला सगळ्यांत जास्त तिटकारा आहे.

बोलता येत नसेल तर लिही. सगळं लिही, तो खेळताना नेमकं काय करतो आणि तुला त्याचा किती राग येतो तेसुद्धा. गोड काही घालू नकोस. गोड दिसलं की तो पुन्हा तेवढंच उचलेल.

हे झाल्यावर मला पत्र लिहायला तू मोकळा आहेस. त्याआधी नाही.

आक्का


२ एप्रिल

प्रिय आक्का,

सा. न. वि. वि. आज अक्षर वाकडं आलं तर राग म्हणून समज, दुसरं काही नाही.

धाकट्याचं चार पानी पत्र आलं. मी ते दुकानातच वाचलं, गिऱ्हाईक समोर असताना. लिहितो की मी चेंडू टप्पे देत नेताना चेंडूकडेच बघतो, माणसांकडे नाही. की समोरचा हात पसरून आला तर मी भिडस्तपणे चेंडू त्यालाच देऊन टाकतो. की कुणी पडला तर मी थांबून लागलं का विचारतो, आणि तेवढ्यात तो उठून बास्केट करतो. माझ्या दहा मिनिटांत संघाला सरासरी आठ गुणांचा फटका बसतो, हे त्याने मोजून ठेवलंय. आठ! मी पाचाच्या आसपास धरत होतो. मग लिहितो की तगड्या संघापुढे मी नको होतो, म्हणून पहिल्यांदा चार सांगितलं. मी ते सहज मानलं, स्वतःलाच दोष दिला, तेव्हा त्याला इतकं सोपं वाटलं की पुन्हा केलं. पाकिटावरचं माझं अक्षर अगदी बरोबर होतं, हे त्याला माझ्या पाठीवर हात ठेवताना ठाऊक होतं.

पहिल्यांदा मला हसू आलं. समोरच्या बाई दचकल्या. मग पाठीवरच्या हाताचं पुन्हा वाचलं आणि आक्का, मी खोकल्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं लाथेने दारापर्यंत उडवलं. तुझी वहिनी गेल्यापासून मला राग म्हणून आला नव्हता. तो सगळा शिल्लक होता वाटतं. त्यानंतर त्या बाईंची चिठ्ठी मी एकदाच वाचली आणि औषध दिलं. बरोबर दिलं.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले, अर्ध्यातच थांबवलं आणि तपासणीत काही दोष नाही असं लिहून दिलं. घाऊक व्यापाऱ्याला कळवलंय की दहा तारखेचं रद्द.

आता तुझ्या नियमांचं. त्याच्या संघात मी खेळणार नाही. बेकरीवाल्यांकडे सहाच जण आहेत आणि ते मला घ्यायला तयार आहेत, आठ गुणांसकट. हंगामाच्या मध्येच संघ बदलता येतो का ते कळव. येत नसेल तर माझ्यासाठी नियम वाकवू नकोस, मी पुढच्या हंगामापर्यंत थांबतो.

धाकटा काल दुकानात आला होता. मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिघांना औषधं दिली आणि शटर ओढलं. त्याला सांग, एवढ्यात येऊ नकोस. लोभ संपलेला नाही, पण सध्या तो मागू नये. आणि त्याने जे केलं ते मी विसरणार नाही, हेही सांग. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं, आक्का. इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

तुझा,
दादा